म्हातारे उंदीर आणि अरव्याचा तूस

उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात. हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, याची गणती नाही. पिल्लू हवं असेल तर तीन आठवडे थांबा, जवान हवा असेल तर दोन-अडीच महिने. पण म्हातारा उंदीर हवा असेल तर त्याला दोन वर्षं खाऊ-पिऊ घाला, उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवा, लाइट गेली की खिडक्यांना ओली पोती टांगा आणि ‘मरू नको रे बाबा’ म्हणत रोज सकाळी पिंजऱ्यात डोकावून बघा. मी हे सगळं केलं. तुमसरच्या एका कॉलेजात, इमारतीच्या मागे पत्र्याच्या छताची एक खोली आहे, तिथे. लोक त्या खोलीला ‘मॅडमचं उंदीरघर’ म्हणायचे आणि नाकाला रुमाल लावून पुढे जायचे.

मी तिथे तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही घेतला तर कुणीच नाही. नेट-सेट तीनदा दिली, तीनदा थोडक्यात गेली. पस्तिशी उलटली. पक्की नोकरी मिळायला पीएचडी हा एकच दरवाजा उरला होता आणि तोही बंद होत आला होता. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून घेतली होती. विद्यापीठातल्या बाबूंनी तोंडावर सांगितलं होतं, ‘आता तिसऱ्यांदा येऊ नका.’ पोळ्यानंतरच्या महिन्यात प्रबंध दिला तर दिला, नाही तर सहा वर्षं पाण्यात. त्याच वर्षी आमच्या विभागातली एक पक्की जागा भरायची होती. ती जागा जणू माझ्यासाठीच रिकामी झाली आहे, असं मी मनाशी धरून बसले होते.

विषय मी हौसेने निवडला होता. एकाच कृमीची, तितकीच अंडी दोन उंदरांना पाजली, तर एकाच्या आतड्यात ती कृमी ठाण मांडते आणि दुसऱ्याच्या आतड्यातून दहा दिवसांत निघून जाते. असं का? एक कारण वंश, दुसरं वय. हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नव्हता, घरीच भेटला होता. लहानपणी मी आणि माझा भाऊ आमच्या गावी, आसगावला, एकाच तळ्यात डुंबायचो, एकाच ताटात जेवायचो. त्याला दर पावसाळ्यात जंत व्हायचे, पोटाचा नगारा व्हायचा. मला कधी काही नाही. आई म्हणायची, ‘हिचं रगतच कडू हाय, जंत तरी काहून राहतीन?’ तो कडूपणा नेमका कुठे असतो, ते मला शोधायचं होतं.

म्हणून दोन जातींचे उंदीर पाळले, पांढरे आणि काळे. पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्याच जोड्या लावून वाढवलेले, त्यामुळे एका जातीतले सगळे आतून जवळजवळ सारखे. प्रत्येक जातीत तीन वयं: पिल्लं, जवान आणि म्हातारे. कृमी म्हणाल तर उंदरांच्या आतड्यात राहणारी एक बारीकशी पट्टकृमी, पांढऱ्या दोऱ्यासारखी. अर्ध्या उंदरांना मोजून अंडी पाजायची आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. हे पाण्यावरचे, तुलनेसाठी ठेवलेले, ते कंट्रोल. दोन आठवड्यांनी आतडी उघडून बघायची, कुणाच्या पोटात किती कृमी राहिल्या.

पुस्तकं सांगतात की म्हातारपणी शरीराची लढायची ताकद उतरते, म्हाताऱ्यांत कृमी जास्त राहायला हव्यात. माझ्याकडे उलटंच झालं. पिल्लांची आतडी कृमींनी भरलेली आणि म्हाताऱ्यांची जवळजवळ साफ! पांढरे म्हातारे बरे, काळे म्हातारे तर चकाचक. मी एकेक आतडं दोन-दोनदा धुऊन पाहिलं. माझे मार्गदर्शक सर भंडाऱ्याला असतात, निवृत्तीला वर्षच राहिलेलं होतं. त्यांच्यापुढे वही ठेवली तर त्यांनी टेबलावर हात आपटला. ‘अगं, हे नवीन आहे! म्हातारपणी ताकद घटत नाही, वाढतेय. तुझा प्रबंध नुसता मंजूर नाही होणार, गाजणार आहे.’ परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली नाही, उभीच आले, पण पाय जमिनीवर नव्हते. स्टँडवर उतरून बाबांना फोन केला, ‘बाबा, झालंच समजा.’ बाबांनी त्याच दिवशी अर्ध्या आसगावाला सांगून टाकलं की पोरगी डॉक्टर झाली.

राहिले होते कंट्रोल. पाण्यावरचे उंदीर. त्यांच्या पोटात काहीच निघायचं नसतं, तरी उघडून बघावं लागतं, रीत असते ती. मी कंटाळत कंटाळत बसले. पहिला म्हातारा काळा उघडला, आतडं मिठाच्या पाण्यात सोडलं आणि थांबले. बशीत दोन पांढरे दोरे तरंगत होते. माझीच कृमी. डोळे चोळले, भिंग लावलं. दुसरा उंदीर उघडला. त्यात एक. तिसऱ्यात काही नाही, चौथ्यात पुन्हा तीन. हातातला चिमटा खाली ठेवला. ज्यांना मी फक्त पाणी पाजलं, त्यांच्या पोटात कृमी कुठून आल्या?

माझा स्वभाव तापट आहे, ते मला माहीत आहे. माणूस समोर दिसला की त्याच्यावर फुटते. समोर दिसले ते उंदीरघराचे काका. बावीस वर्षं कॉलेजात शिपाई म्हणून काढलेला माणूस. माझ्यासाठी वरकड काम म्हणून रोज पिंजरे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायचे, उंदरांखाली अंथरायला गिरणीतून तूस, म्हणजे धानाची टरफलं, आणायचे. मी त्यांना नको नको ते बोलले. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या तुम्ही, पाजलेले आणि न पाजलेले एकत्र केले, माझ्या सहा वर्षांची माती केली. काका दाराशी उभे राहून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, ‘मॅडम, चिठ्ठीले मी हातबी लावत नाई.’ मी म्हटलं, ‘मग काय उंदरांनी स्वतः बदलल्या?’ ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, पिंजरे धुतले आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तीन दिवस मी चिठ्ठ्या, वह्या, तारखा उलट्यापालट्या करत होते. पिंजरे बदलल्याची एकही खूण सापडेना. जिवंत राहिलेल्या कंट्रोलच्या लेंड्या तपासल्या. त्यांतही अंडी. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

चौथ्या दिवशी बाबा आले. आंबागडला नात्यातलं लग्न होतं, वाटेत माझ्याकडे उतरले. पिशवीत लाखोरीची डाळ आणि आईने पाठवलेले कुरडया-पापड. मी कॉलेजातच होते, म्हणून थेट तिकडेच आले. म्हणाले, ‘तुये उंदीर तरी पाहू दे. आमी जनमभर उंदीर माराले धानाच्या बांधीत औषध टाकलं, आन् तू त्याइले कूलर लावून ठेवतेस.’ मला हसू आलं नाही, पण नेलं. बाबांनी चपला बाहेर काढल्या, देवळात शिरावं तसे आत आले. म्हाताऱ्या काळ्यांच्या पिंजऱ्यापुढे थोडा वेळ वाकून बघत राहिले. मग कोपऱ्यात तुसाचं पोतं होतं, त्यात सवयीने हात घातला. मूठभर तूस तळहातावर पसरला, फुंकर मारली, नाकाशी नेला.

‘हा तं अरव्याचा तूस होय,’ बाबा म्हणाले.

हे इथे सांगायला हवं. आमच्या भागात तांदूळ दोन तऱ्हेचा निघतो. धान भिजवून, वाफेवर उकडून, वाळवून मग गिरणीत काढला तर तो उसना, आणि कच्चा धानच काढला तर तो अरवा. आणि उंदरांखाली घालायचा तूस निर्जंतुक करून घालायचा असतो. आमच्या कॉलेजातलं वाफेचं यंत्र एवढंसं, घरच्या कुकरचा थोरला भाऊ. त्यात पोतंभर तूस कुठे मावणार? तेव्हा मीच डोकं लढवलं होतं. मी धानवाल्याची पोरगी. उसन्या गिरणीतला तूस धानाबरोबर वाफ खाऊनच आलेला असतो, मग पुन्हा वाफवायचा कशाला? सरांना ती कल्पना इतकी आवडली होती की म्हणाले, ‘हे तुमच्या तुमसरवाल्यांनाच सुचणार.’ प्रबंधात मी ऐटीत लिहिलं होतं: वाफवलेल्या धानाचा तूस वापरला.

‘नाई बाबा,’ मी म्हटलं, ‘आमी उसन्याचाच आणतो.’

‘अवं, उसन्याचा तूस काळपट राहते. त्याले आंबूस वास राहते. हा पिवळाधम्मक हाय, पाय ना, टोचून रायला हाताले.’ मग त्यांनी बोटाने तुसातून काळे बारीक दाणे बाजूला काढले. ‘आन् ह्या उंदराच्या लेंड्या. गिरणीतल्या. आन् हे किडे पाय, वळवळून राहिले. उसन्यात किडा जगत असते का?’

मी त्या तळहाताकडे बघत राहिले. शेतात वाढलेली मी. पाच वर्षांची असताना डोळे मिटून वासावरून सांगू शकले असते, हा कशाचा तूस आहे. आणि इथे महिनोन्‌महिने त्यात हात घालून उंदीर उचलत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. माझे डोळे उंदरांवर होते ना!

काका व्हरांड्यात बाटल्या धूत होते. मी त्यांना हाक मारली. या वेळी आवाज चढला नाही. ‘काका, हा तूस कुठला?’ त्यांनी हात पुसले. ‘उसन्याची गिरणी होळीपासून बंद हाय, मॅडम. बॉयलर फुटला त्याइचा. मंग बाजूच्या गिरणीतून आणून रायलो. मी सांगतलं होतं तुमाले. तुमी पेपर तपासून रायल्या होत्या. तुमी मनलं, हो हो, चालते.’

मला आठवलं. खरंच आठवलं. पेपरांचा गठ्ठा, लाल पेन, दारात उभे असलेले काका, आणि मान वर न करता म्हटलेलं माझं ‘हो हो, चालते.’ त्यांना मी काय काय बोलले होते, तेही आठवलं. मी बाबांसमोर काकांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘जाऊ द्या.’ पण त्यानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखे बोलले नाहीत, आणि तो दोष माझाच आहे.

बाबांना वाटलं, त्यांनी माझं मोठं काम केलं. मी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ते खुशीत होते. ‘बरं झालं मी आलो. नाई तं तुमी शिकलेले लोक बसले असते कागद उलटवत.’ बस सुटली. मी तिथेच बाकावर बसले. मला तेव्हा सगळं कळलं होतं.

नुसते कंट्रोल बिघडले असते तर रडून-भेकून निस्तरलं असतं. पण या कृमीची एक खोड आहे. तिची अंडी उंदराच्या पोटात एकदा गेली की शरीर तिला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा आलेल्या अंड्यांना सहसा थारा देत नाही. गिरणीतल्या उंदरांतही हीच कृमी असते, त्यांच्या लेंड्यांतून आणि तुसातल्या किड्यांतून ती पसरते. माझे म्हातारे उंदीर होळीपासून त्या तुसात लोळत होते, त्यातले किडे मटकावत होते, लेंड्या चघळत होते. मी मोजून अंडी पाजली तेव्हा त्यांची शरीरं तयार होती. जवानांना त्या तुसात थोडे दिवस मिळाले होते, म्हणून ते अधलेमधले. पिल्लं नुकती आईवेगळी केलेली, त्यांना काहीच ओळख नव्हती, म्हणून ती भरली. वय नाही, काही नाही. मी जे म्हातारपणाचं बळ म्हणून सरांपुढे ठेवलं होतं, ते अरव्या तुसाचं बळ होतं. काळे पांढऱ्यांपेक्षा सरस निघाले, त्यात वंशाचा हात असेलही, पण कुणाच्या पोटात आधी किती गेलं हे ठाऊक नसताना त्या फरकाला काय अर्थ राहिला?

पुन्हा करायचं तर पिल्लं तीन आठवड्यांत मिळाली असती. जवानही मिळाले असते. म्हातारे कुठून आणणार? माझ्या हातात अडीच महिने होते.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दार लोटून घेतलं. ‘हे आणखी कुणाला माहीत आहे?’ मी म्हटलं, काका आणि माझे बाबा. ‘ते काही परीक्षक नाहीत,’ सर म्हणाले. ‘हे बघ, म्हातारे उंदीर मरतातच. कंट्रोलमधले जे खराब निघाले ते उन्हाळ्यात मेले असं लिही. गर्मीने मेले. कोणी विचारणार नाही. बाकीचे स्वच्छ आहेत तेवढे दाखव.’ ते वाईट माणूस नाहीत. माझ्यासाठी तळमळून बोलत होते. त्यांनाही निवृत्तीआधी माझं झालेलं बघायचं होतं.

आठ दिवस मी ती नोंदवही समोर घेऊन बसायची. दुपारी तास संपले की उंदीरघरात स्टूल ओढायचं आणि बसायचं. उघडलेल्या चार कंट्रोलच्या चार ओळी होत्या, त्यातल्या तीन ओळींसमोर ‘उष्माघाताने मृत’ एवढंच लिहायचं होतं, आणि जिवंत होते त्यांतलेही काही कमी करायचे होते. पेन हातात घ्यायची. मनात म्हणायची, कुणाचं काय बिघडतं? हे औषध थोडंच आहे, की माझ्या चुकीने कुणी मरेल. उंदरांच्या पोटातल्या कृमींवरचा प्रबंध, चार माणसं वाचणार, पाचवा कपाटात ठेवणार. मला नोकरी लागेल, आईचे गुडघे दाखवायला नागपूरला नेता येईल. आणि मग वाटायचं, त्या चारांतलं एखादं माझ्यासारखंच कुणी असेल, मुदत संपत आलेलं. माझं खोटं खरं धरून तेही दोन वर्षं उंदीर म्हातारे करत बसेल. त्याला काय सांगू? मला देवाची भीती वाटली नाही, विद्यापीठाचीही नाही. त्या न पाहिलेल्या माणसाची वाटली. एक दिवस तर पेन टेकवून ‘उ’ लिहून टाकला. मग खोडला. तो खोडलेला ‘उ’ अजून त्या वहीत आहे.

शेवटी मी खरं ते लिहिलं. तूस बदलला, मला सांगण्यात आलं होतं, मी लक्ष दिलं नाही. सरांनी ते पान वाचलं आणि सही केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. नवे उंदीर म्हातारे करायला वेळ हवा, म्हणून मुदतवाढीचा तिसरा अर्ज केला. नामंजूर झाला. जागेच्या मुलाखतीचं पत्र मला आलं नाही, दुसऱ्या एका बाईंना ती जागा मिळाली. चांगल्या आहेत, माझ्याच स्टाफरूममध्ये बसतात.

अशी लागण झालेली वसाहत ठेवता येत नाही. नियमाप्रमाणे सगळे उंदीर संपवावे लागले. काका आणि मी दोघांनी मिळून ते केलं. म्हाताऱ्यांना शेवटी घेतलं. एका काळ्याच्या कानाशी केस गेले होते, त्याला मी दोन वर्षं रोज पाहिलं होतं, हातात घेतला तर नेहमीसारखा बोट हुंगायला लागला. मी ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू, त्याच्यासाठी नाही रडले, माझ्या दोन वर्षांसाठी रडले.

घरी हे मी लपवून ठेवलं. फोनवर बाबा विचारायचे, ‘कधी भेटते तुयी डिगरी?’ मी म्हणायची, ‘चालू हाय, बाबा.’ दिवाळीला आसगावला गेले. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता. बाबा बांधावर बसून विळ्याची मूठ घट्ट करत होते. त्यांनी मान वर न करता तेच विचारलं. आणि मला अजून एकदा खोटं बोलणं जमलं नाही.

‘बाबा, नाई झालं. आता होणारबी नाई.’

‘काहून?’

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कृमी एकदा येऊन गेल्यावर शरीर कसं ओळखून ठेवतं तेही सांगितलं. बाबांना ते पटकन समजलं. भावाचे जंत त्यांनी पाहिले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

‘मंजे मी तुले तो तूस दाखवला मनून?’

‘तसं नाई, बाबा. तुमी दाखवला नसता तं काकानं चिठ्ठ्या बदलल्या समजून मी खोटंच लिवून डॉक्टर झाली असती.’

‘तं झाली असती ना वं!’ बाबा एकदम मोठ्याने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘माया मेल्याच्या तोंडाले काय झालं होतं? कायले बोललो मी?’

मला म्हणायचं होतं, बाबा, तुम्ही बोललात हे बरं केलंत. शब्द ओठांपर्यंत आले, पण पुढे निघेनात. कारण नोंदवही उघडी ठेवून बसले होते त्या आठही दिवसांत मी मनात हेच म्हणत होते: बाबा कायले बोलले?